विषय क्रमांक सात

दादासाहेबांना पळता आलं नाही, कारण त्यांच्या गळ्यात ठिबकच्या नळीचं भेंडोळं होतं. नाहीतर बारामतीच्या भिगवण चौकात गळ्यात ओळखपत्र आणि हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन उभ्या असलेल्या त्या मुलीला त्यांनी लांबूनच हेरलं होतं. असं कुणी दिसलं की शहाणा माणूस काय करतो ते तुम्हाआम्हाला काय सांगायचं! दादासाहेबांच्या पुढचा एक जण तर सरळ सोनाराच्या दुकानात शिरला आणि आत जाऊन पाणी मागू लागला. दादासाहेबांनीही रस्ता ओलांडायला घेतला. पण नळीचं एक टोक सुटून मागे लोंबत होतं, त्यावर रिक्षाचं चाक चढलं आणि दादासाहेब दाव्याला हिसका बसावा तसे गर्रकन फिरून त्या मुलीपुढे उभे राहिले.

"काका, दोनच मिनिटं!" मुलगी म्हणाली.

"बाई, आमी हितलं न्हाय."

"मग कुठले?"

"सांगवीचं."

"अय्या! माझं आजोळ सांगवीच की!"

इथे दादासाहेबांनी तोंड मिटून घ्यायला हवं होतं. पण आपल्याकडे समोरच्यानं गावाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न आपोआप बाहेर पडतो, तो गिळता येत नाही. आणि एकदा का माणूस कुणाचा ते कळलं की मग त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही.

"कुणाच्यातली गं तू?"

"म्हस्कूमामांची भाची. स्वप्नाली. आम्ही वालचंदनगरला असतो."

नाव ऐकताच दादासाहेबांच्या कपाळाची शीर उडाली. कारण दादासाहेब आयुष्यात सात निवडणुका हरले होते आणि त्यातल्या सहा याच म्हस्कूरावांनी जिंकल्या होत्या. ग्रामपंचायत तीनदा, विकास सोसायटी दोनदा, दूध संस्था एकदा. सातवी देवस्थानाची, ती तर बिनविरोध व्हायची ठरली होती, तरी ते हरले. आता आमच्या भागात माणूस एकदा चेअरमन झाला की सरणावर जाईपर्यंत चेअरमन राहतो. लोक त्याला नावानं हाक मारत नाहीत, लग्नपत्रिकेत त्याचं नाव ठळक छापतात. दादासाहेबांचं नाव अठ्ठावन्न वर्षांत एकाही पत्रिकेत आलं नव्हतं. ते आपले 'व समस्त ग्रामस्थ मंडळी, सांगवी' यात असायचे.

"कशाची वर्गणी ही?" त्यांनी विचारलं.

"गाढवांची. वीटभट्टीवरची म्हातारी, लंगडी गाढवं लोक सोडून देतात ना, त्यांचा निवारा आहे इंदापूरच्या अलीकडे. वर्षाचे तीनशे भरले की तुम्ही सभासद."

"मामाला इचारलंस का तुझ्या?"

"विचारलं ना. मामा म्हणाले, गाढवांना पैसे द्यायला मी काय गाढव हाय व्हय? आणि गाडीला किक मारून गेले."

"पेन दे," दादासाहेब म्हणाले.

"काका, आधी माहिती तर ऐका."

"मामा न्हाय म्हणला न्हवं? मग बास झाली म्हायती."

घरी येताना एसटीत बसल्या बसल्या त्यांनी पावती काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नियम छापले होते. चौथा नियम वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला. 'प्रत्येक सभासदास वार्षिक सर्वसाधारण सभेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहण्याचा व मतदानाचा हक्क राहील.' ते तिथेच उठून उभे राहिले. कंडक्टर म्हणाला, "पाहुणं, सांगवी अजून लांब हाय." पण दादासाहेबांना आता बसवत नव्हतं.

त्यांनी स्वप्नालीला फोन लावला.

"पोरी, एकूण सभासद किती हायती तुमचं?"

"तुम्ही सतरावे, काका. बाकीचे सोळा पुण्यातले आहेत. पैसे पाठवतात, येत कुणीच नाही."

सोळा! दादासाहेब मनात हिशेब करू लागले. आपली नुसती भावकी म्हटली तरी सव्वीस होती.

घरी सिंधुबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तवा खाली उतरवला.

"ऊस कारखान्याला घालतो म्हणून त्यो दिवाळीला साखर देतो. ही गाढवं दिवाळीला काय देणार, लीद?"

"आगं, चेअरमन म्हणत्याल मला."

"आन् कशाचं चेअरमन म्हणून कुणी इचारलं तर?"

"कोण इचारतंय! चेअरमन म्हणलं की बास."

सिंधुबाईंनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला. सात निवडणुकांचा चहा याच चुलीवर झाला होता. 

दोन दिवसांत दादासाहेबांनी भावकीतले सव्वीस सभासद केले. उन्हात उभं राहून दिवसाला दोन फॉर्म भरून घेणाऱ्या स्वप्नालीला एका संध्याकाळी सव्वीस मिळाले. तिला वाटलं, सांगवीचा माणूस फार दयाळू. ती आनंदानं मामाकडे मुक्कामाला गेली आणि जेवताना सांगून बसली.

म्हस्कूरावांच्या हातातला घास हातातच राहिला. "दादा सव्वीस मेंबर करतोय? गाढवाच्या संस्थेत?"

"हो मामा. फार चांगले आहेत ते."

"चांगला कसला! काय तरी हाय त्यात. जमीन किती हाय संस्थेची?"

"चार एकर असेल. पण ती..."

"कालव्याला लागून?"

"हो, पण मामा, ती..."

म्हस्कूरावांनी पुढचं ऐकलंच नाही. ते हात धुवून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी गावात चर्चा अशी होती की गाढवांना परदेशातून अनुदान येतं. तिसऱ्या दिवशी तिथं एमआयडीसी सरकणार असल्याचं निघालं. शनिवारपर्यंत म्हस्कूरावांचे एकतीस सभासद झाले होते आणि स्वप्नालीकडचे फॉर्म संपले होते.

मग रीतसर निवडणूक सुरू झाली. म्हणजे संस्थेनं नव्हे, सांगवीनंच ती सुरू केली. दादासाहेबांच्या पॅनलचा फ्लेक्स लागला, त्यावर दादासाहेब हात जोडून उभे आणि शेजारी चौखूर उधळलेला पांढराशुभ्र घोडा. "गाढव बरं दिसत न्हाय वो फ्लेक्सवर," असं फ्लेक्सवाल्यानंच सुचवलं होतं. म्हस्कूरावांनी रश्श्याची जेवणं घातली. दादासाहेबांचा उजवा हात रामहरी रोज घरोघर जाऊन सांगायचा, "गाढवाचा प्रश्न हा तुमचा-आमचा प्रश्न हाय." त्यावर कुणी हसलं नाही, इतकं वातावरण तापलं होतं.

स्वप्नालीनं सभेची छापील नोटीस घरी आणून दिली. तिच्यावर एक ते आठ विषय सविस्तर छापले होते. दादासाहेबांनी ती उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मतदारांची यादी लिहिली. पंधरा दिवस ती नोटीस त्यांच्या खिशात होती. पंधरा दिवस ते ती दिवसातून दहादा काढून बघत होते. पुढची बाजू त्यांनी एकदाही वाचली नाही.

सभेच्या दिवशी तीन टेम्पो भरून सांगवी इंदापूरच्या रस्त्याला लागली. निवाऱ्याच्या दारात योगिनीताई उभ्या होत्या. साठी उलटलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अकरा वर्षं त्या ही संस्था एकट्यानं चालवत होत्या. दरवर्षी त्या एक सतरंजी अंथरायच्या, कोरम नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करायच्या आणि मग स्वतःच सूचक, स्वतःच अनुमोदक होऊन आटोपायच्या. आज टेम्पोतून गुलाल लावलेली, फेटे बांधलेली छप्पन्न-सत्तावन्न माणसं उतरताना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"एवढं प्रेम आहे तुमचं मुक्या जिवांवर?" त्या म्हणाल्या.

"जीव हाय आमचा बाई गाढवावर," रामहरी म्हणाला.

गाढवं पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. चौदा होती. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

आता तुम्ही कधी कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला गेला असाल तर तुम्हाला पद्धत ठाऊक असेल. वर विषय वाचला जातो, खाली सत्ताधाऱ्यांची माणसं 'मंजूर, मंजूर' म्हणून ओरडतात, विरोधक 'नामंजूर' म्हणून ओरडतात, आणि विषय काय होता ते दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं. सांगवीला दुसरी पद्धत माहीतच नव्हती.

"विषय क्रमांक एक," योगिनीताईंनी सुरुवात केली, "मागील सभेचे इतिवृत्त..."

"मंजूर! मंजूर!" दादासाहेबांची बाजू.

"नामंजूर! नामंजूर!" म्हस्कूरावांची बाजू.

"अहो, वाचू तर द्या."

"वाचायचं न्हाय, पुढं चला!" हे मात्र दोन्ही बाजू एकदम म्हणाल्या.

दुसरा विषय औषधांचा, तिसरा खुरांचा, चौथा कडब्याचा. प्रत्येकाला तोच गोंधळ. दादासाहेबांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आयुष्यभर ते 'नामंजूर'वाल्या बाजूला बसले होते. आज पहिल्यांदा ते 'मंजूर' म्हणत होते आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

सातवा विषय सुरू झाला. "निवाऱ्याच्या जागेचा भाडेकरार या महिन्याअखेर संपत असून जागामालकांनी..."

तेवढ्यात स्वप्नाली म्हस्कूरावांच्या मागे येऊन टेकली आणि कानाशी काहीतरी कुजबुजली. म्हस्कूरावांनी तिच्याकडे बघितलं. शेडकडे बघितलं. मनात एकेक करून मोजलं. मग ते उभे राहिले, आपल्या माणसांकडे वळले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "मंजूर!"

त्यांच्या माणसांना काही कळेना, पण पुढारी म्हणाला म्हणून तीही ओरडली, "मंजूर! मंजूर!"

"सर्वानुमते?" योगिनीताईंनी विचारलं. 

"सर्वानुमते!" दादासाहेब बाकावर चढून ओरडले. शत्रूची फळी फुटली म्हणून त्यांच्या अंगावर काटा आला होता.

आठवा विषय अध्यक्षांच्या निवडीचा. म्हस्कूराव पुन्हा उठले. "मंडळी, दादासाहेब आमच्यापेक्षा वयानं थोर. संस्थेत राजकारण नको. मी माझा अर्ज मागं घेतो. दादासाहेब बिनविरोध!" असं म्हणून त्यांनी स्वतःसाठी आणलेला हार दादासाहेबांच्या गळ्यात घातला आणि त्यांना कडकडून मिठी मारली. दादासाहेब रडले. रामहरी रडला. टाळ्या काही केल्या थांबेनात.

"म्हस्कूराव," दादासाहेब गहिवरून म्हणाले, "म्या तुमास्नी उगंच आयुष्यभर वळखलं न्हाय."

"आता वळखाल," म्हस्कूराव म्हणाले.

योगिनीताईंनी दादासाहेबांच्या हातात एक फाईल, एक औषधांची पेटी आणि एक चऱ्हाट दिलं. "देवासारखे धावून आलात. हा सुलतान, याला दात नाहीत, भुसा भिजवून द्यायचा. ही बिजली, हिला मागून हात लावायचा नाही. बाकीच्यांची सवय होईल. टेम्पो तुम्ही आणलेच आहेत, दोन फेऱ्यांत जातील सगळी."

"कुठं जात्याल?"

"तुमच्या घरी."

"माझ्या घरी कशापाई?"

"आत्ता सातव्या विषयात ठरलं ना! नवीन जागा मिळेपर्यंत सर्व गाढवांचा सांभाळ नवनिर्वाचित अध्यक्षांनी आपल्या घरी करावा. तुम्ही तर बाकावर चढून पाठिंबा दिलात." त्यांनी डोळे टिपले. "मी खरं तर घाबरतच मांडला होता विषय."

दादासाहेबांनी खिशातली नोटीस काढून पहिल्यांदाच सुलटी केली. विषय क्रमांक सात पाच ओळींचा होता आणि ठळक अक्षरात होता. मागे वळून पाहिलं तर म्हस्कूराव केव्हाच पसार झाले होते. मतदार एसटीनं परतले आणि मतदारांचे टेम्पो गाढवांनी भरले.

पुढचे तीन आठवडे दादासाहेबांचे कसे गेले ते विचारू नका. पहाटे पाचला सुलतान गळा काढायचा, की बाकीची तेरा साथ द्यायची. शेजारपाजारचे पहिले दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी भांडायला आले. दादासाहेबांनी भुसा भिजवला, खुरं धुतली, लीद ओढली, बिजलीची एक लाथ मांडीवर आणि एक मांडीच्या जरा वर खाल्ली. आणि हो, लग्नपत्रिकेत नावही आलं. पाव्हण्यातल्याच पोराचं लग्न होतं. 'श्री. दादासाहेब, चेअरमन, गर्दभ निवारा' असं ठळक छापलं होतं, खाली कंसात 'चौदा' असंही कुणीतरी हौसेनं घातलं होतं. त्यांनी ती पत्रिका गादीखाली सारली.

शेवटी त्यांनी योगिनीताईंना फोन केला. "बाई, माझा राजीनामा घ्या."

"घेते की. फक्त नियमाप्रमाणे विशेष सभा बोलवा आणि दुसरा अध्यक्ष निवडून द्या. गाढवं त्याच्याकडे जातील."

दादासाहेबांचा जीव भांड्यात पडला. निवडणूक! निवडणूक हरण्यात तर त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

सभा त्यांच्याच अंगणात भरली. त्यांनी स्वतःच म्हस्कूरावांचं नाव सुचवलं, स्वतःच रामहरीला अनुमोदन द्यायला लावलं. म्हस्कूराव माघार घ्यायला उठले तेव्हा दादासाहेब कडाडले, "वेळ संपली माघारीची! आज मतदानच होणार, आन् तेबी गुप्त." मग ते स्वतःच्या विरोधात भाषणाला उभे राहिले.

"मतदार बंधूंनो आन् भगिनींनो, म्या नालायक माणूस हाय. मला संस्थेतलं काय कळत न्हाय. म्या सात विलेक्शनी हरलोय त्या उगंच न्हाय. म्हस्कूराव अनुभवी, म्हस्कूराव कर्तबगार, म्हस्कूरावांचं आंगण मोठं. इचार करून मत द्या!"

लोकांनी विचार केला. प्रत्येकानं आधी अंगणातल्या गाढवांकडे पाहिलं, मग मनातल्या मनात विचार केला की म्हस्कूराव चेअरमन झाले तर ते ही चौदा डोकी आपापल्या माणसांत वाटून टाकायला कमी करणार नाहीत. म्हस्कूरावांच्या माणसांना तर ते फारच चांगलं ठाऊक होतं. चिठ्ठ्या दुधाच्या किटलीत पडल्या. रामहरीनं मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि खाली मान घालून वाचलं.

"म्हस्कूराव, एक. दादासाहेब, सत्तावन्न."

एक मत कुणाचं ते सांगायला नको. खुद्द म्हस्कूरावांनी आयुष्यात पहिल्यांदा दादासाहेबांना मत दिलं होतं.

दादासाहेब किटलीशेजारी मटकन खाली बसले. सिंधुबाईही सभासद होत्या. त्यांनी मान वळवून बायकोकडे बघितलं.

"अगं, तू बी? तू तर घरातली! रोज लीद काढतीस, शेजाऱ्यांच्या शिव्या खातीस, तरी मला मत दिलंस?"

"दिलं."

"कशापाई?"

सिंधुबाईंनी पदर खोचला. "तीस वर्सं झाली. रोज दिवस मावळला की तुमी चावडीवर, न्हायतर कुणाच्या तरी प्रचाराला. मी भाकरी झाकून बसायची. ह्या तीन आठवड्यांत एक सांज तुमी घर सोडलं न्हाई. काल भुसा भिजवता भिजवता तुमी माझ्याशी तासभर बोललासा. इलेक्शनचं न्हवं, आपलंच काय तरी. मला लई बरं वाटलं. तुमी हरला असता तर गेली असती की गाढवं, आन् मागनं तुमीबी."

 दादासाहेबांना राग आला होता, तो कुठे ठेवावा कळेना. तीस वर्षांत कुणी आपल्याला एवढ्या मनापासून मत दिलं नव्हतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं.

तेवढ्यात म्हस्कूरावांनी खिशातून फटाक्यांची माळ काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती. "चेअरमनचा इजय असो!" म्हणत त्यांनी ती अंगणाच्या तोंडाशी पेटवली आणि पोटभर हसले.

पहिला फटाका वाजला तशी बिजलीनं दावं तोडलं. दुसऱ्याला सुलतान उठला, ज्याला गेल्या दोन वर्षांत कुणी चालण्यापलीकडे काही करताना पाहिलं नव्हतं. मागोमाग बाकीची बारा. माणसं ओट्यावर चढली. चौदा गाढवं अंगणातून बाहेर पडली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या हिरव्यागार कोवळ्या लागणीच्या उसात शिरली. तो ऊस कुणाचा होता ते गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

"अरं, माझा ऊस!" म्हस्कूराव किंचाळले. धावले, बांधापर्यंत गेले, बिजलीनं पाय झाडला तसे परत आले. "दादासाहेब! आवरा की वो! अडीच एकराचा प्लॉट हाय! तुमचंच ऐकत्यात ती! चेअरमन, हात जोडतो!"

दादासाहेब सावकाश उठले. धोतर झटकलं. सिंधुबाईंनी आतून खुर्ची आणून ठेवली, तीत ते बसले. रामहरीनं फाईल हातात दिली. आतापर्यंत त्यांना चेअरमन म्हणून पुष्कळांनी हाक मारली होती, पण हसू न येता मारलेली ही पहिलीच होती.

"म्हस्कूराव, एक अर्ज द्या," ते शांतपणे म्हणाले. "येत्या सर्वसाधारण सभेत विषय घेऊ."